शालिकराम पेंटरची बारीक अक्षरं

शालिकराम पेंटर माझ्या दुकानाची भिंत रंगवायला आला ते ब्याऐंशी साली. मानेवाडा रोडवर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि त्याची लांब भिंत रस्त्याकडे. तिच्यावर जाहिरात लिहू द्यायचे मला पैसे मिळत, म्हणून आधीच सांगून टाकतो, मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

शालिकरामचं अक्षर लोक लांबून ओळखत. ‘र’ची शेपटी तो जराशी वर उचलायचा. मजुरी अक्षरावर असे, मोठ्याची पूर्ण आणि बारीकची निम्मी. त्यामुळे जाहिरातवाले शब्द कापायला बसत, आणि कापायला त्यांना नेमका कामाचाच शब्द सापडे.

भैयाजी नावाच्या एका माणसानं शहराबाहेर बेसाकडे शेतात प्लॉट पाडले होते. त्यानं मजकूर लिहून आणला, ‘रामदासपेठ फक्त दहा मिनिटे. भाव फक्त तीन रुपये फूट.’

“दहा मिनिटं कशानं जी?” शालिकरामनं विचारलं.

“जीपनं. पहाटे, रस्ता खाली असला म्हणजे.”

“मंग ‘जीपने’ लिहू का?”

“अक्षरं वाढवून राहिले का तुम्ही?” भैयाजी म्हणाला. मला हसू आलं. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तीन रुपयांचा प्लॉटही एकच होता, नाल्याच्या काठचा. बाकी सगळे सात रुपये. शालिकराम दिवसभर चुळबुळ करत होता. शेवटी ‘तीन रुपये फूट’च्या खाली, गवताला लागून, त्यानं आपल्या पदरचं ‘पासून’ लिहिलं. बोटभर उंचीची अक्षरं. त्यांची मजुरीही मागितली नाही. भैयाजीनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “राहू द्या, कोणाले दिसते?” शालिकराम मला म्हणाला, “लिहिलं ना गा मी? झालं माह्यं काम.” आणि ब्रश रॉकेलात बुडवून मोकळा झाला. शहरातल्या आणखी चार भिंतींवर त्यानं हेच लिहिलं, ‘पासून’सकट.

त्यातली एक भिंत त्याची बहीण जिजाबाई जिथं आया होती, त्या रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या रस्त्यावर होती. तिचा नवरा कोराडीच्या पॉवर स्टेशनात कामाला होता. तो वारला, तेव्हा मिळालेले फंडाचे पैसे तिनं पाच वर्षं हात न लावता ठेवले होते. घरमालक खोली खाली कर म्हणून मागं लागला होता. तिची ड्युटी सकाळी सहाची, उशीर झाला की अर्धी हजेरी कापत. तिला घर हवं होतं ते वेळेवर कामावर पोचता येईल असं. शाळा तिनं पाहिली नव्हती. अक्षरं शिकली ती भावानं रंगवलेल्या भिंती वाचून, आणि तीही मोठीच तेवढी.

रविवारी पहाटे भैयाजीच्या माणसांनी तिला जीपमधून जागा दाखवली. जीप भुर्रकन पोचली. बस तर सुरू होणारच आहे, म्हणाले. तिनं अर्धा फंड इसार म्हणून दिला आणि मग भावाला पेढा घेऊन आली.

“मले काहून नाही इचारलं वं?” शालिकरामचा चेहरा उतरला होता.

“भिंतीवर तुह्या हातचं होतं भाऊ. तुलेच इचारल्यासारखं वाटलं मले.”

आठवड्यानं तिला कळलं की तिला दाखवलेला प्लॉट सात रुपयांचा आहे. महिनाभरात खरेदी नाही केली तर इसार बुडणार होता. आम्ही तिघं भैयाजीकडे गेलो. मी तर भांडायचंच ठरवून गेलो होतो. तो आवाज न चढवता म्हणाला, “चला, भिंतच पाहू.” आणि आम्हाला माझ्याच दुकानापाशी घेऊन आला. काठीनं गवत बाजूला केलं. “हे कोणी लिहिलं? मी तर सांगितलंही नव्हतं.”

जिजाबाई खाली बसली, भिंतीजवळ डोळे नेले आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, “पा… सू… न.” मग वर पाहून तिनं विचारलं, “हे बी तुह्याच हातचं हाय का भाऊ?”

सात रुपये तिला झेपणार नव्हते, म्हणून तिनं नाल्याकाठचा प्लॉट घेतला, दुसरं काय करणार? टिनाची खोली उभी केली. पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत पाणी यायचं. बस काही सुरू झाली नाही. शालिकराम इकडे शहरात अजनीत राहायचा, तो रोज उलटा बेसाला जायचा आणि बहिणीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ड्युटीवर सोडायचा. डबलसीट चांगला पाऊण तास लागे. त्याची सायकल मी फुकट दुरुस्त करायचो, तेवढंच माझ्या हातात होतं.

पहाटे मी दुकान झाडत असलो की दोघं भिंतीसमोरून जात. जिजाबाई रोज ती जाहिरात मोठ्यानं वाचायची, पहिल्यापासून, आणि शेवटी ‘पासून’ही. रागानं नाही, सरावानं वाचल्यासारखी. शालिकराम मान खाली घालून पायडल मारत राहायचा.

मी त्याला म्हटलं, “पुसून टाक ना गा ते. भिंत माही आहे.”

“नको,” तो म्हणाला. “वाचू दे तिले.”