फाटक बंद असताना

आमच्या अश्लेषाला शाळेत नेणारी व्हॅन रघुजी चालवतात. वय पंचावन्न, खाकी शर्ट, कपाळावर गंध. येलहंक्याच्या गल्ल्यांतला एकेक खड्डा त्यांना पाठ आहे. शाळेच्या कागदावर ते रघुजी राव. त्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं. घरात अजून मराठीच बोलतात, पण माझ्या मिरजेच्या कानांना ती मराठी कळायला सहा महिने लागले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणतात. “अक्का, स्वल्प थांबा, पोरीची बाटली कुठे?” असं ओरडून त्यांनी मला कितीदा तरी जिना चढायला लावला आहे.

रघुजी दहावी नापास. इंग्रजीत. हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, एकदा दुपारी अश्लेषाला सोडायला आले तेव्हा, व्हॅनचं दार लावता लावता.

“तीन वेळा बसलो, तीन वेळा आपटलो.”

“किती मार्क पडले होते?”

“पहिल्यांदा एकोणीस. मग बावीस. तिसऱ्यांदा बघायला गेलोच नाही.”

त्यांच्या गाइडाच्या शेवटी क्रियापदांचा तक्ता होता. दीडशे क्रियापदं, प्रत्येकाची तीन रूपं. रघुजींनी तो पाढ्यासारखा पाठ केला. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन. पहाटे पाचला उठून, मोठ्यानं. परीक्षेत गाळलेल्या जागा आल्या, कंसात क्रियापद दिलेलं, योग्य रूप लिहा.

“मी तिन्ही लिहिली, अक्का.”

“म्हणजे?”

“प्रत्येक जागेत तिन्ही. मास्तरला पाहिजे ती घेऊ दे की!”

मी हसले. तेही हसले. मग हसू आवरून म्हणाले, “अजून तसंच आहे. रूपं सगळी येतात. कुठली कधी वापरायची ते येत नाही.”

हे पस्तीस वर्षांनी पुन्हा निघालं, त्याला कारण होतं. जूनपासून शाळा स्वतःच्या बस सुरू करणार होती. बाहेरच्या व्हॅन बंद. बसवर देखरेख करायला एक सुपरवायझर हवा होता, आणि सध्या शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्यांपैकीच एकाला घेणार होते. अट एकच, दहावी पास; निकाल जूनमध्ये दाखवला तरी चालणार होता. मुक्त विद्यालयातून रघुजींनी बाकीचे विषय आदल्या वर्षीच काढले होते. इंग्रजीचा पेपर एप्रिलमधल्या एका शनिवारी होता. तो निघाला तर नोकरी, नाही निघाला तर जूनमध्ये घरी.

माझी काळजी वेगळी होती. अश्लेषा चौथीपर्यंत मराठी शाळेत होती. आता सातवीत आहे, पण इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही. डायरीत दर महिन्याला शेरा, वर्गात बोलत नाही. दुसऱ्या आयांच्या पोरी लिफ्टमध्ये इंग्रजीत भांडतात, आणि माझी माझ्या मागे उभी राहून चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसते. मी बी.कॉम. आहे. इंग्रजी वाचता येतं. बोलायची वेळ आली की मी वाक्य जुळवेपर्यंत समोरचा निघून जातो. हे तिला माझ्याकडूनच मिळालं, हा विचार डोक्यातून जात नाही.

मार्चच्या अगदी शेवटी एके दिवशी जेवताना ती म्हणाली, “आई, रघुजीअण्णांना ‘हॅज’ अजून कळत नाही. आज मी समजावून सांगितलं.”

“तू? इंग्रजीत?”

“मग काय. आमच्या व्हॅनमध्ये रोज असतं ते.”

शाळेच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागतं. सकाळी पावणेआठच्या सुमाराला ते हमखास बंद असतं, कधी दहा मिनिटं, कधी पंधरा. रघुजी इंजिन बंद करतात, चावी काढून खिशात टाकतात आणि मागे वळतात. गाडी दिसायच्या आधी मुलांनी एकेक वाक्य बोलायचं, आता काय होणार आहे. गाडी जात असताना काय चाललं आहे. गाडी गेल्यावर काय होऊन गेलं. गार्डानं हिरवा झेंडा दाखवला, कुत्रा रुळावरून पळाला, भाजीवाली पहिली पलीकडे गेली. प्रत्येक वाक्य रघुजी पुन्हा म्हणतात. मुलं त्यांच्या चुका काढतात. नऊ मुलं, आणि सगळ्यांत जास्त चुका माझी मुलगी काढते.

मला खरंच वाटेना. दोन दिवसांनी ती भूमितीची पेटी विसरून गेली, तेव्हा मी स्कूटर काढून व्हॅनच्या मागे गेले. फाटकाशी रांग लागली होती. व्हॅनच्या पुढे पाण्याचा टँकर उभा. रघुजींनी स्टिअरिंगवर वही उघडून ठेवली होती, समोरच्या काचेवर गुलाबी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि अश्लेषा दोन सीटच्या मधून पुढे वाकून बोट नाचवत होती. नाचवत! मी फोन काढला आणि फोटो घेतला.

घरी येऊन तो आमच्या व्हॅनच्या पालकांच्या ग्रुपवर टाकायला घेतला. वाटलं, सगळ्यांनी बघावं हा माणूस काय करतो ते. ग्रुपवर सगळे इंग्रजीत लिहितात. ‘रघुजी इज टीचिंग’ लिहिलं. पण आत्ता तर शिकवत नाहीत. ‘टॉट’ केलं. मग एकदाच शिकवलं असं वाटेल. ‘हॅज बीन’पर्यंत गेले आणि सगळं पुसलं. सौम्या नावाची एक आई आहे ग्रुपवर, मोठ्या कंपनीत, शाळेच्या पत्रकातल्यासुद्धा चुका दाखवते. मी नुसता फोटो पाठवला. एक शब्द न लिहिता.

चार मिनिटांत सौम्याचा मेसेज आला, की ड्रायव्हर गाडी चालवताना वाचतोय, आणि मागे आपली मुलं आहेत. त्याखाली दुसरा, तिसरा. कुणीतरी अपघाताची बातमी टाकली. अर्ध्या तासात अकरा मेसेज. फोटोत टँकरची मागची बाजू होती, फाटक नव्हतं. शाळेचे वाहतूक बघणारे सरही त्या ग्रुपवर आहेत. दुपारी एकला त्यांनी लिहिलं, चौकशी होईपर्यंत ही व्हॅन बंद.

मी तीनदा लिहायला घेतलं. कुणीतरी विचारेल, मग सांगू, असं म्हणत राहिले. कुणी विचारलं नाही. ते बुधवारी झालं. गुरुवारी अश्लेषाला मी स्कूटरवर सोडलं. फाटकाशी थांबलो तेव्हा ती मागून म्हणाली, “फोटो तुझ्या फोनवरून गेलाय ना?”

“हो.”

“मग सांग ना त्यांना.”

मी स्कूटरचा आरसा नीट करत राहिले. गाडी गेली, फाटक उघडलं. मी स्कूटर सुरू केली.

शुक्रवारी संध्याकाळी रघुजींच्या घरी गेले. पेपर दुसऱ्या दिवशी होता. त्यांची बायको राजलक्ष्मी दारातच निवडायला पालेभाजी घेऊन बसली होती. रघुजी आत खाटेवर, समोर गाइड उघडं, पण नजर भिंतीवर.

“या. तुमचीच कमी होती,” राजलक्ष्मी म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. फोटो मी काढला. मला कौतुक वाटलं म्हणून. लिहायचं धाडस झालं नाही. तीन दिवस गप्प बसले.

रघुजींनी गाइड मिटलं. “फाटक आलं नाही होय फोटोत?”

“नाही आलं.”

“पुढे टँकर होता त्या दिवशी,” ते स्वतःशीच म्हणाले. “हौदु, होता.”

“वीस वर्षांत आरसा खरचटला नाही ह्यांचा,” राजलक्ष्मी म्हणाली, “आणि हे पोरांना मारायला निघाले! तुम्ही कॉलेज शिकलेल्या ना अक्का? मग लिहा की दोन ओळी. का तेवढंही आम्हीच शिकवायचं?”

“राजी, सरी, पुरे,” रघुजी म्हणाले. पण माझ्याकडे बघून त्यांनी खाटेवर सरकून जागा केली.

मी फोन काढला.  पहिलं वाक्य दोनदा खोडलं, तेव्हा ते म्हणाले, “असं नाही, अक्का. गाडीसारखं घ्या. फोटोच्या आधी काय झालं होतं? फाटक बंद झालं होतं, मी चावी काढली होती. फोटो काढला तेव्हा काय चाललं होतं? पोरं बोलत होती. नंतर काय झालं?”

“नंतर मी गप्प बसले.”

“तेही लिहा.”

सात वाक्यं झाली. दोन जागी क्रियापद त्यांनी बदललं, एका जागी मी त्यांचं बदललं. राजलक्ष्मी भाजी तशीच टाकून उठून आली आणि माझ्या खांद्यावरून बघत उभी राहिली. एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. पाठवलं.

सौम्यानं एकही चूक दाखवली नाही. तिनं एवढंच विचारलं, बुधवारीच का सांगितलं नाहीस? खाली कुणी काही लिहिलं नाही. 

शनिवारी रघुजींनी पेपर दिला. सोमवारी व्हॅन पुन्हा सुरू झाली. सहा मुलं आली, तिघांच्या घरच्यांनी दुसऱ्या गाड्या लावल्या त्या लावल्याच. सरांनी एक अट घातली, व्हॅनमध्ये वही नाही, काचेवर कागद नाही. मुलं फाटकाशी बोलतात अजून, पण रघुजी मागे वळत नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत ऐकतात. इंजिन बंद असलं तरी.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. इंग्रजीत त्रेचाळीस. मी पेढे घेऊन गेले. राजलक्ष्मीनं डबा घेतला, उघडला नाही.

“मार्क आले आणि नोकरी गेली,” ती म्हणाली.

सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करायचा शेवटचा दिवस पेपरच्या आदला तोच शुक्रवार होता. त्या दिवशी व्हॅन सुरू असलेल्यांचेच अर्ज घेतले. रघुजी सकाळी अर्ज घेऊन गेले होते. खिडकीवरून परत पाठवलं. संध्याकाळी मी त्यांच्या खाटेवर बसून सात वाक्यं लिहीत होते, तेव्हा त्यांना हे माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही.

“दुसऱ्या दिवशी पेपर होता, अक्का. तुम्ही रडला असता, मग माझं डोकं फिरलं असतं,” ते म्हणाले.

“आता?”

“बस यायला उशीर आहे म्हणतात. दसऱ्यापर्यंत व्हॅन चालेल. मग बघू.”

“आणि ती जागा?”

“घेतलाय त्यांनी कुणाला तरी. तीन महिने बघणार, मग कायम करणार.”

तीन महिने. म्हणजे अजून कायम झालेला नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच होतं. माझे यजमान म्हणतात, आता सोड, शाळेच्या कारभारात आपण पडू नये, अश्लेषाला तिथेच शिकायचं आहे. मलाही तीच भीती आहे. सर चिडले तर? तिचं नाव कुठल्यातरी यादीत गेलं तर? पण त्या शुक्रवारी व्हॅन बंद होती ती रघुजींमुळे नाही, माझ्या फोटोमुळे, आणि हे शाळेत जाऊन कुणी सांगितलेलं नाही. ग्रुपवर लिहिणं वेगळं, टेबलासमोर उभं राहून सांगणं वेगळं.

काल शाळेत फोन करून मुख्याध्यापिकांची वेळ मागितली. उद्या साडेनऊला बोलावलं आहे. तिथे इंग्रजीत सांगायची वाक्यं अश्लेषानं ऐकली. दोन ठिकाणी थांबवून पुन्हा म्हणायला लावलं, मग म्हणाली, “सावकाश बोल, आई. पळू नकोस.”

रघुजींना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर हात हलवून म्हणतील, बेडा अक्का, नको.