हलक्या वजनाची मुलगी

मेलबर्नच्या विमानतळावर, संघाची जाकिटं घातलेल्या मुलींच्या घोळक्यात, आईने पिशवीतून स्टीलची वाटी काढली आणि माझ्या हातावर दही ठेवलं. म्हणाली, "रिकाम्या तोंडाने निघायचं नाही." मी नुसती जीभ लावली आणि उरलेलं टिशूला पुसलं. आईने ते पाहिलं. बाराव्या वर्षी नाशिक सोडताना हेच दही मी चाटूनपुसून खाल्लं होतं आणि वर आणखी मागितलं होतं.

दह्याशी माझं काही वैर नव्हतं. मी ऑस्ट्रेलियाकडून रोइंग करायचे, तेही हलक्या वजनाच्या गटात. दोघींची बोट, दोघींचं सरासरी वजन सत्तावन्न किलो. शर्यतीच्या तास-दोन तास आधी काट्यावर उभं राहायचं. वजन जास्त भरलं तर बोट पाण्यात उतरतच नाही, आणि एकीमुळे दोघी बाद. माझी जोडीदार मेगन हाडापेराने मोठी होती. तिचं जे जास्त भरायचं, ते मला माझ्या अंगातून कमी करावं लागायचं. तुम्ही नातेवाइकांनी नाशिकला पेपरातलं माझं कात्रण फ्रेम करून लावलंत ना, त्या फोटोत मी हसतेय असं सगळ्यांना वाटतं. मला तेव्हा फक्त भूक लागली होती.

मी रोइंगकडे वळले त्यात पराक्रम काही नव्हता. नव्या देशातल्या शाळेत मी तोंड उघडलं की पोरी माझे उच्चार करून दाखवायच्या. बोटीत बसलं की मागच्या मुलीला फक्त माझे खांदे दिसायचे. खांदे चांगले होते. त्यांच्या जोरावर मी त्या देशाची झाले, म्हणजे वल्ही हातात असेपर्यंत.

त्या उन्हाळ्यात शर्यत जर्मनीत होती, आणि ती जिंकली तर पुढच्या मोठ्या स्पर्धेची निवड पक्की होती. आईबाबा मुद्दाम आले, तळ्याजवळ फेरीनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरतं घर, भाड्याने घेऊन राहिले. शर्यतीच्या आदल्या दिवशी मला संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायची परवानगी मिळाली. मी आईला बजावलं होतं की मुगाचं वरण आळणीच हवं, मिठाने अंगात पाणी धरून राहतं. ती म्हणाली, "आळणी आजाऱ्याला देतात गं." पण केलं तिने. वर भरपूर लिंबू पिळलं होतं. कितीतरी दिवसांनी मला जेवण जेवणासारखं लागलं.

सकाळी काट्यावर आमचं वजन जास्त भरलं. अगदी थोडं, पण काट्याला थोडं-फार कळत नाही. दोन-दोन जाकिटं घालून आम्ही उन्हात धावलो, मेगन तर थुंकून थुंकून कोरडी पडली. वेळ संपली तेव्हाही थोडं उरलंच होतं. आमच्या बोटीशिवाय शर्यत सुटली. मेगन गवतावर बसून रडत होती आणि मला तिच्या जवळ जायचं धाडस होईना.

काठावर बाबा भेटले. काय झालं ते विचारायच्या आधीच मला हसवायला म्हणाले, "कालचं आळणी नव्हतं बरं का. आईने घातलं होतं मीठ. लिंबामुळे तुला कळलं नाही." मागून आई येत होती, टोपी सावरत. मी वजनाचं नाव काढलं नाही, दोघांना सांगितलं, पाठ धरली. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अंगात कस नको का? नीट जेवली असतीस तर हे झालं नसतं."

हे वाक्य तिने पुढे सगळ्या नातेवाइकांना फोनवर ऐकवलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते मलाही ऐकवलं आहे, तेव्हा आता मूळ गोष्ट कळली तर बरं.

त्यानंतर निवड दुसऱ्या जोडीची झाली. पुढे आमचा हलका गटच ऑलिम्पिकमधून काढून टाकला. म्हणजे ज्यासाठी उपाशी राहिले ते दुकानच उठलं. मी मेलबर्नला परत गेले नाही. तिथे आईच्या स्वयंपाकघरात बसून रोज ते पाठीचं खोटं पोसावं लागलं असतं. इंजिनिअरिंगची पदवी होती, स्टुटगार्टला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. पत्त्याची सरकारी नोंद, आन्मेल्डुंग, केली, टेकडीवर घर घेतलं. नेकार नदीवरच्या फेराइनमधले, म्हणजे रोइंग क्लबातले, म्हातारे माझं वल्हवणं पाहून विचारतात, कुठली तू? ऑस्ट्रेलिया म्हटलं की, "हो, हो, पण मूळची?" आणि इथल्या गणपतीत मराठी बायका विचारतात, "अगं पण भारताकडून का नाही खेळलीस?" दोघांनाही मी छान हसून दाखवते. हसायचा सराव आहे.

गेल्या वर्षी मेगन आईला मेलबर्नमध्ये एका दुकानात भेटली. तिला काय माहीत, घरी काय सांगितलंय. ती म्हणाली, त्या दिवशी वजनाने घात केला. आईने घरी जाऊन बाबांना विचारलं, मिठाचं तिला तेव्हाच कळलं होतं का, आणि बाबांना खोटं बोलता येत नाही. मला आईने एका शब्दाने विचारलं नाही. फक्त तिचं फोनवरचं बोलणं बदललं. आधी पहिला प्रश्न असायचा, जेवलीस का. त्या प्रश्नाचा मला वर्षानुवर्षं संताप यायचा. आता ती हवामान विचारते.

या मे महिन्यात ती माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी स्वयंपाक केला: आमटी, भाजी, भात. मी घास घेतला आणि हात थांबला. सगळं आळणी होतं. पानात डावीकडे मात्र मिठाचा ढीग होता, चटणीपेक्षा मोठा.

मी म्हटलं, "आई, आता नाही गं मला वजनाचं काही. तू घाल ना मीठ."

"नको," ती म्हणाली. "माझ्या हाताचा काही भरवसा नाही. तुझं तू घे."

मी चिमटीने मीठ घेतलं आणि आमटीत कालवलं. तीही समोर बसून तेच आळणी जेवत होती, स्वतःच्या पानात मीठ न वाढता.

लोक विचारतात, घराची आठवण येते का. नाशिकची येत नाही, मेलबर्नची तर नाहीच. न विचारता माझ्या जेवणात मीठ घालणारी एक बाई होती. ती होती तोवर मला घर होतं. आता माझ्याकडे महिन्यातून दोनदा फोन करणारी, फार जपून बोलणारी आई आहे.