आत्याला श्वास नको होता

पुण्यात मी समुपदेशक आहे. दुसऱ्यांची मनं ऐकणं हे माझं काम. बुद्धांनी सांगितलेलं ध्यान थेरपीत कसं आणावं, याचं शिबिर म्हैसूरजवळ आहे असं कळलं आणि लगेच नाव दिलं. खरं कारण मात्र आत्या. आतोबा गेल्यापासून ती म्हैसुरात एकटी, आणि फोनवर दर वेळी "आरामात आहे" म्हणायची. ते ऐकून मला धडकीच भरायची.

रेल्वेचं तिकीट आधीच काढा. मी ऐन वेळी काढलं आणि वरच्या बर्थवर मान अवघडून घेतली. लष्कर मोहल्ल्यात आत्याच्या घरी पोचले, तर माझ्यासाठी डोसा तयार. स्वतः नुसती कॉफी पीत होती.

"तू खा गं. मला साकु, पुरे."

शिबिराला सोबत कुणाला आणलेलं चालणार होतं. मग तिलाही बसमध्ये घातलं. हुणसूर रस्त्यावरच्या येलवालला शहराची बस जाते, तिकीट किरकोळ. पुढं मळ्यातल्या कौलारू घरात शिबिर होतं.

पहिल्याच सत्रात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, डोळे मिटा, श्वास नुसता बघा. मीही माझ्याकडे येणाऱ्यांना सर्रास हेच सांगते. जरा वेळानं डोळे किलकिले केले, तर आत्याची जागा रिकामी!

ती बाहेर चिंचेखाली घामाघूम उभी होती.

"बेडा गं, नको मला श्वास. यांना दम लागायचा, तेव्हा रात्र रात्र तेच बघत बसायची मी. आला की नाही, आला की नाही. एकदा डोळा लागला. तेवढ्यात गेले बघ."

मी ठेवणीतलं वाक्य सांगायला तोंड उघडलं, तशी तीच म्हणाली, "काही सांगू नको. सुम्ने बस."

दोघी चिंचेखाली नुसत्या बसलो. मग मी विचारलं, "आत्ता अंगात कुठं बरं वाटतंय?"

तिनं चपला काढल्या. "पायाला. माती गार आहे."

"मग तिथंच राहू."

बाई शोधत आल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी आधी विचारायला हवं होतं. ध्यानाला श्वासच लागतो असं नाही." मग त्याही चपला काढून बसल्या. दुपारी केळीच्या पानावर भात आणि सारू, म्हणजे तिकडचं सार होतं. आत्यानं भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुण्यात आता मी आधी विचारते, लक्ष कुठं ठेवणं सोपं जाईल? कुणी तळहात म्हणतं, कुणी पंख्याचा आवाज.

परवा आत्याचा फोन आला. "काल आपोआप श्वासाकडं लक्ष गेलं गं."

"भीती वाटली?"

"वाटली थोडी. मग कळलं, हा तर माझा आहे. चालू दे म्हटलं."