सोमवारची खांदशेकणी

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास यादवरावांचा फोन आला. यादवराव म्हणजे सावनेर रस्त्यावरच्या करमणुकीच्या पार्कचे चौकीदार. मी अमरावतीला दुसऱ्या एका साइटवर होते. ते म्हणाले, "मॅडम, काकाजी आज आले नाही. बादल्या भरून ठेवल्या मी. दोनदा पाणी बदलवलं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती, कारण तीन वर्षांत त्या माणसानं एकही सोमवार चुकवला नव्हता. मी काकाजींच्या घरी फोन लावला. काकूंऐवजी शेजारच्या कोणीतरी उचलला, आणि मागचे आवाज ऐकूनच काय ते समजलं... लकडगंजचे गुलाबराव धांडे, लाकडी बैल घडवणारे, पहाटे झोपेतच गेले होते. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला काकाजी म्हणतात, म्हणून ते काकाजी. मग पुढे तेच नातं झालं.

तेरवीनंतर दोन दिवसांनी पार्कच्या मालकांनी फोन केला. सेठ मनानं चांगले आहेत, आणि काकाजींबद्दल त्यांना खरोखर वाटतं. त्यांच्या मनात एक स्मारक होतं. पार्कच्या चौकातले काकाजींनी घडवलेले बाराही बैल आत एका दालनात न्यायचे, पहिल्या दिवशी त्यांच्यावर जसा रंग होता तसा हुबेहूब पुन्हा चढवायचा, काचेत ठेवायचे आणि खाली पितळी पाटीवर त्यांचं नाव. "फोटो तुमच्याचकडे आहेत," ते म्हणाले, "प्रत्येक बैलाचे, चारही बाजूंनी. तुम्ही हो म्हटलं की रंगारी बोलावतो." यात नाही म्हणण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. मलाही अर्धं तसंच वाटलं. तरी मी चार दिवस मागितले. ते का मागितले, हे आधीपासून सांगत यावं लागेल.

मी उमरेडची. बाबा हातमागावर विणतात. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगते. लोकांना तो गर्व वाटतो. आहेच गर्व. आर्किटेक्चरची डिग्री घेऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा पार्कचं काम आलं. मोठे झुले, पाण्याच्या घसरगुंड्या सगळं तिथं होतंच. सेठना एक कोपरा असा हवा होता, जिथं लहान मुलं आणि मोठी माणसं दोघंही रमतील. मी तान्ह्या पोळ्याचा चौक काढला. नागपूरबाहेरच्या वाचकासाठी सांगते: पोळ्याला शेतकरी आपले खरे बैल सजवतो, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडची मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ, चिल्लर, असंच काहीतरी. माझ्या चौकात बारा बैल होते, वासराएवढ्यापासून जीपएवढ्यापर्यंत. ते घडवायला माणूस शोधत मी लकडगंजात गेले. आरा मशिनींच्या गल्लीत, भुशात घोट्यापर्यंत पाय रुतलेला एक साठी उलटलेला माणूस बैलाच्या कानाला आकार देत बसला होता. त्यानं माझी ड्रॉइंग शांतपणे पाहिली आणि विचारलं, यात मोठ्या माणसानं काय करावं? मी दाखवलं: इथं बाकं, इथं सावली, इथं कॉफी. ते म्हणाले, "म्हणजे पिशव्या धराव्या."

मला राग आला होता, हे कबूल करते. पण नंतरचे चार रविवार त्यांनी मला बागांमधून आणि जत्रांमधून फिरवलं, आणि झुल्यांकडे पाहू दिलं नाही. पिशव्या धरणाऱ्या माणसाकडे पाहायला लावलं. प्रत्येक कुटुंबात तो एक असतोच. कधी आजी, कधी बाप, कधी लग्न न झालेली आत्या. सगळ्यांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर सांभाळत तो बाकावर बसतो, आणि घरी गेल्यावर "मजा आली" असं सगळ्यांत मोठ्यानं तोच म्हणतो. त्याचं तिकीट काढलेलं असतं, पण तो काही पार्कमध्ये आलेला नसतो, असं काकाजींचं म्हणणं. माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणात हा माणूस मला कोणी दाखवला नव्हता. मी बाकं कमी केली. पण खरी चूक अजून व्हायची होती, आणि ती आम्ही दोघांनी मिळून केली.

ती चूक अशी की आम्ही बैल फार सुंदर केले. काकाजींनी जवळजवळ सहा महिने रंगकाम केलं. प्रत्येक बैल वेगळा. कुठं खांद्यावर वेल, कुठं शिंगांना सोनेरी बेगड, आणि एका बैलाच्या पाठीवरच्या झुलीला चक्क करवतकाठ, दात न् दात मोजून घ्यावा असा. माझे बाबा करवतकाठी साड्या विणतात, म्हणून. मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले होते. मग रंगाला धक्का नको म्हणून मीच चौकात पाटी लावली: कृपया हात लावू नये. उद्घाटन झालं. माणसं आली, प्रत्येकानं बैलासमोर उभं राहून फोटो काढला, आणि पाच मिनिटांत पुढे. मुलं बैलाकडे धावायची आणि आया त्यांना दंडाला धरून मागे ओढायच्या. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांपर्यंत चौक चालला नाही, तर तिथं खाण्याचे स्टॉल टाकू, असं सेठनी सांगून टाकलं.

काकाजी आठवडाभर तिथं एका स्टुलावर बसून राहिले. मग एका संध्याकाळी, सेठची दोन माणसं आणि यादवराव समोर असताना, म्हणाले, "पोरी, आपण लोकायले पोळा झाल्यावरचा बैल दिला. सजवलेला, मिरवून आणलेला. आता त्यायनं काय करावं, त्याची आरती? पोळ्याची मजा मिरवणुकीत नसते वं, ती सजवण्यात असते. बुढा शिंग रंगवते, पोट्टं खाली बसून खुरं रंगवते, बाई झूल बांधते, अन् सगळे एकमेकाच्या कामाले नावं ठेवते." त्यांचं म्हणणं होतं, सगळा रंग काढायचा. बैल कोरे ठेवायचे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बैलांचे फोटो मी एका स्पर्धेला पाठवले होते. त्यात माझं नाव ठळक होतं, आणि खाली बारीक अक्षरात, कारागीर म्हणून, त्यांचं. मी चारचौघांत म्हणाले, "काकाजी, तुम्ही कारागीर आहात. डिझायनर मी आहे. काय ठेवायचं अन् काय काढायचं, ते मी ठरवते. त्याचं शिक्षण घेतलंय मी."

यादवराव खाली पाहू लागले. काकाजींनी हातातला चहाचा कप स्टुलावर ठेवला. "बरोबर हाय. मी कारागीरच हाय," ते म्हणाले, "म्हणून तर मले दिसून राहिलं, का आपण लोकायसाठी कामच ठेवलं नाही." आणि मग, "तू नाही म्हणशील, तर नाही काढत."

निर्णय माझ्यावर सोडला, हेच मला टोचलं. भांडले असते तर बरं झालं असतं. तीन दिवस मी काही कळवलं नाही. चौथ्या दिवशी "काढा" एवढाच मेसेज पाठवला, आणि तोही पटलं म्हणून नाही. सेठनी दिलेली मुदत जवळ आली होती म्हणून. दहा-बारा दिवस ते स्वतः घासत होते. मी एकदाही पाहायला गेले नाही. स्पर्धेत काही मिळालं नाही, तेही सांगून टाकते.

मग त्यांनी चौक पुन्हा उभा केला, आणि तेव्हा मी काय शिकले नव्हते ते मला समजू लागलं. बैलांखाली चौथरे असे घातले की शिंगांपर्यंत मुलांचा हात पोचू नये. पायांमधली जागा एवढी अरुंद ठेवली की खुरांशी मोठ्या माणसाला बसता येऊ नये. घुंगरांच्या पट्ट्याची दोन टोकं मानेच्या दोन बाजूंना, म्हणजे एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं बांधायचं. एकट्यानं बैल सजवताच येत नाही, अशीच सगळी रचना. वाडग्यांतून गेरू, चुना, हळद, नीळ. आणि बाजूला एक खरं जू आडवं टांगलं, त्याला खुंट्या, पिशव्या अडकवायला. माझी पाटी त्यांनी काढली नाही, ती मी काढली. आठवडाभर लोक रंगवायचे, आणि सोमवारी, पार्क बंद असतो त्या दिवशी, काकाजी येऊन बाराही बैल धुवायचे, चिकटलेला रंग पॉलिश पेपरनं घासायचे आणि शेवटी प्रत्येकाच्या खांद्याला तेल-हळद चोळायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाला न्हाऊ घालून, जू वाहून सोलवटलेला त्याचा खांदा शेकतो. ती खांदशेकणी. काकाजी सोमवारला तेच म्हणायचे.

चौक भरू लागला. एका रविवारी आई आणि बाबा उमरेडहून आले. माझे बाबा मागावर बसले की बोलत नाहीत आणि मागावरून उठले की थकलेले असतात. मी त्यांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं; ते खेळत असतील असं कधी मनातही आलं नव्हतं. ते आल्या आल्या पिशव्या घेऊन उभे राहिले. मग कोणी परका माणूस झुलीची दोरी चुकीची बांधत होता, ते त्यांना सहन झालं नाही. पिशव्या खुंटीला लावल्या, त्याच्या हातातली दोरी घेतली, सोडली, आणि विणकराची गाठ मारून दाखवली. तेवढ्यात बैलाच्या पोटाखालून एका अनोळखी मुलीनं डोकं बाहेर काढलं. "आजोबा, इकडलं शिंग राहिलं तुमचं." आणि बाबा म्हणाले, "हो बाई, देतो रंगवून." दीड तास ते तिच्या हुकमावर होते. कपाळावर नीळ लागली होती. ज्या बैलावरचा करवतकाठ घासून काढला म्हणून मी इतके दिवस रुसून होते, तोच हा बैल.

दुसऱ्याच दिवशी मी पार्कमध्ये गेले. काकाजी फरशीवर बसून घासत होते. मी म्हणाले, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. "कोणत्या दिवशी?" त्यांनी विचारलं, जसं काही माहीतच नाही. मग पॉलिश पेपरचा एक तुकडा माझ्यापुढे धरला. "हे घे, मागच्या बैलाले बस." माझ्या अंगावर पांढरा कुर्ता होता, अकराला मीटिंग होती. मी म्हणाले, पुढच्या सोमवारी नक्की येते. "ये," ते म्हणाले, "बैल कुठं पळून राहिले?"... हा सोमवार नाही, तो सोमवार नाही, असं करत दीड वर्ष गेलं. मी गेले नाही. माफी मागून झाली, असंच मी धरून चालले होते.

म्हणून सेठच्या फोननंतर मी काकूंकडे गेले. नवऱ्याचं नाव पितळेत कोरलं जावं की नाही, हे मी एकटीनं ठरवणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "नाव लागलं तर मले आवडन," त्या म्हणाल्या, "खोटं काहून बोलू? अन् तो रंग लय सुंदर होता. काढला तेव्हा मी रडली." मी विचारलं, आणि काकाजी? "ते बी रडले. मग म्हणे, चाय ठेव." मग त्या उठता उठता म्हणाल्या, "पण काचेत ठेवल्यावर त्याले हात कोण लावन वं?"

परवाच्या सोमवारी मी जुने कपडे घालून पार्कमध्ये गेले. यादवरावांनी काही न विचारता बादल्या आणून ठेवल्या. काकाजी गेल्यापासून बैलांना कोणी धुतलं नव्हतं. रंगावर रंग चढून खपल्या झाल्या होत्या. पाचव्या बैलाशी माझे खांदे भरून आले, नवव्याशी बोटं वळेनात. पासष्टी ओलांडलेला माणूस दर आठवड्याला हे करत होता. दुपारी सेठ आले आणि मला तशी फरशीवर बसलेली पाहून जरा गोंधळले. मी बसल्या जागेवरूनच सांगितलं, काचेसाठी फोटो मी देणार नाही. बैल इथंच राहतील आणि कोरेच राहतील. नाव लावायचं तर फाटकावर "सोमवारी बंद" अशी पाटी आहे, तिथं लावा: सोमवारी बंद, आज गुलाबराव धांडे यांची खांदशेकणी. सेठ म्हणाले, लोकांना काय समजणार? मी म्हटलं, विचारतील. त्यांनी एका बैलाच्या ओल्या पाठीवर हात ठेवला. मग पाटी करायला सांगतो म्हणाले.

ते गेल्यावर उरलेले तीन बैल केले. तेलात हळद कालवली आणि मोठ्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाच्या खांद्याला चोळत गेले. धाकट्याशी पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं.

मंगळवारी सकाळी पार्कचं फाटक उघडलं, तेव्हा बाराही बैल कोरे होते.