पाण्याच्या वहीतले ठिपके

"तिसऱ्यांदा पू काढलाय. आता तुम्ही बघा. माझ्याकडे फक्त चाकू आहे," असं म्हणून आमच्या हॉस्पिटलमधल्या सर्जननी भानुदासला माझ्या खोलीत आणून बसवलं.

उजव्या हाताचं मधलं बोट पट्टीत. बाकी नऊ नखं अर्धी, कडेची कातडी सोललेली. नखाच्या कडेला पू होतो त्याला आपण नखुरडं म्हणतो. एकदा झालं तर औषधानं बरं होतं. पुन्हा पुन्हा होऊन हाडापर्यंत गेलं, तर बोटाचं टोक कापावं लागू शकतं. सर्जननी हे त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नखं खाणं, केस उपटणं, ओठ कुरतडणं या सवयींचे माझे पेशंट बहुतेक लहान, आयांनी ओढत आणलेले. भानुदास चौतिशीचा. कन्नड तालुक्यातली मेंढरं विकून शहरात आलेला आणि व्हॉल्व्हमन झालेला. लोखंडी चावी फिरवून एकेका कॉलनीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. दुष्काळाची वर्षं होती आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं. आठवड्यातून एकदा पाणी. नोकरी कंत्राटी. चावी फिरवता आली नाही, तर दुसरा माणूस तयारच.

"मिरची लावली, कडुनिंब लावला, हातावर फटके हाणले," बायको सुमन म्हणाली.

"मग?"

"भाकरी कडू लागती, मॅडम," भानुदास म्हणाला. "नख नाय लागत. ते आधी चाटून घेतो ना."

मी टेन्शनचा अंदाज बांधला. पाण्यावरून लोक अंगावर येत असणार. "लोक भांडतात तेव्हाच खाता ना?"

"व्हय, तवाच खात आसंल."

'आसंल' म्हणाला, तिथंच मी थांबायला हवं होतं. मी त्याला श्वासाचे व्यायाम शिकवले. पंधरा दिवसांनी फरक शून्य.

मग मी पहिल्या पायरीवर आले. या सवयीत हात तोंडात कधी गेला हे माणसाला कळतच नाही. म्हणून आधी नोंद ठेवायची. वेगळी वही दिली तर तो घरीच विसरायचा. पाण्याची वही मात्र कायम खिशात: कॉलनीचं नाव, व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. म्हटलं, हीच वापरा. बोट तोंडात गेलं की पेन्सिलीनं ठिपका. उघडताना गेलं तर पहिल्या वेळेजवळ, बंद करताना गेलं तर दुसऱ्या वेळेजवळ, नाहीतर मधल्या जागेत. स्वतःच्या युक्तीवर मी खूश होते.

आठव्या दिवशी सुमन एकटीच आली. दारातूनच सुरू झाली. "तुमच्या ठिपक्यांनी घरी बसवलं ना त्याला!"

सुपरवायझरनं वही पाहिली होती. त्या दिवसांत कॉलनीच्या नावापुढे खूण म्हणजे एकच अर्थ: तिथल्या कुणाला तरी चोरून जादा पाणी.

"मग त्यांनी खरं का सांगितलं नाही?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनतो, कामावरच्या सगळ्या पोरांम्होरं नखं खातो म्हनून सांगू का?"

चोर ठरलेलं त्याला चाललं. मी भानुदासला बोलावून घेतलं. पेशंटची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय मी बाहेर सांगत नाही. "मी येऊन सांगू का?"

"सांगा. काम गेल्यावर लाज घेऊन काय करू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सुपरवायझरसमोर उभे राहिलो.

"मॅडम, इतकी वर्षं पाणी सोडतोय. नखं खायचा हिशेब पहिली बार ऐकतोय."

"जादा पाणी दिलं असतं तर व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला असता. वेळा बघा."

त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ पाहिली. वेळा बरोबर होत्या.

"आणि ठिपके सगळ्या कॉलन्यांपुढे आहेत. सगळ्यांना जादा द्यायला टाकीत पाणी होतं का?"

"जादा? ख्वाब में भी नहीं." मग भानुदासकडे वळून, "हात दाखव रे."

भानुदासनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. सुपरवायझर बघत राहिले. "अबे, काय केलंस हे? उद्यापासून ये. पण ते ठिपके माझ्या वहीत नकोत."

वही परत देण्याआधी मीही ती नीट पाहिली. ठिपके जवळपास सगळे मधल्या जागेत होते. उघडताना आणि बंद करताना गर्दी ओरडते, तिथं एखाददुसराच. माझा अंदाज साफ चुकला होता.

बाहेर आल्यावर विचारलं, "व्हॉल्व्ह उघडल्यावर काय करता?"

"काय करनार? बसतो तासभर. बंद करायचा टाइम व्हईस्तोवर."

"मेंढरांमागं असताना खायचात?"

"नाय. तवा हातात लोकर कातायची चाती. हात रिकामा कुठं?"

श्वासाचे व्यायाम बंद केले. हात उठला की चावी दोन्ही मुठींत घट्ट धरायची आणि शंभरपर्यंत मोजायचं. खिशात नेलकटर, कारण नखाची खरखरीत कड दातांना बोलावते. सुमनला सांगितलं, फटका नाही, फक्त 'हात' म्हणायचं.

"आता पोरगी बी म्हनती," भानुदासनं पुढच्या वेळी तक्रार केली. "जेवताना बी 'हात'! घास घेऊ का नको?"

नखांना पांढरी कड यायला चार महिने लागले. मधल्या बोटाचं नख वाकडं उगवलं, पण बोट पूर्ण राहिलं. अंगठा अधूनमधून तोंडात जातोच. सवय मेली असं मी कधी म्हणत नाही. कंत्राट बदललं तेव्हा नव्या कंत्राटदारानं जुन्या व्हॉल्व्हमनपैकी थोडेच ठेवले. त्यांत भानुदास होता.

मी आजही पेशंटना नोंद ठेवायला सांगते. फक्त त्याआधी विचारते, ही वही आणखी कोण वाचतं?