आतून झिजलेला टायर

आमची ट्रॉली मालाची नव्हती, माणसाची होती. वर लोखंडी सांगाडा, त्यावर ताडपत्री, आत गाद्या, कोपऱ्यात शेगडी. भाजीचा हंगाम सरला की मी अन् बुडी ट्रॅक्टरले ती जोडून पाव्हण्यांकडं जात होतो. रस्त्यातच सैपाक, रस्त्यातच झोप. बुडी म्हणजे मायी बायको. ती गेली त्याले साल होत आलं होतं.

तिच्या भावानं दुखवटा काढायले बोलावलं. तिचं माहेर किन्हीराजाच्या पल्याड. वाशीमजवळच्या आमच्या मळ्यातून सकाळी निघायचं, तिथं गोड जेवायचं, मले नवी टोपी घालायची, अन् मंग रडणं संपलं असं धरायचं. पोरगा ट्रॅक्टरवर, सून अन् दोन नातवंडं ट्रॉलीत, असं ठरलं.

आदल्या दिवशी मी डाव्या चाकापाशी बसलो. भाईरून टायर चांगला दिसे. आतल्या कडेवर हात फिरवला तं गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा. थोडा पुढं हात नेला तं तारा लागल्या. भाईरची नक्षी जशीच्या तशी, अन् आतून टायर खाल्लेला.

"हवा कमी असंल," पोरगा म्हणे.

हवा कमी असली तं दोन्ही कडा झिजतात. जास्त असली तं मधातच झिजते. हे एकाच कडेले होतं. अन् हे पह्यल्यांदा बी नव्हतं. पावसाळ्याआधी असंच झालं तवा पोरानं डावं चाक उजवीकडं अन् उजवं डावीकडं टाकलं होतं. आता उजवीकडून आलेला चांगला टायर बी डावीकडं येऊन आतूनच गेला. म्हणजे खोड टायरात नव्हती, त्या बाजूत होती.

सुतळीले दगड बांधून चाकाच्या भाईरच्या अंगाले लोंबता धरला. उजव्या चाकाले सुतळी वर-खाली सारखी टेकली. डाव्याले खाली टेकली, वर बोटभर फट राह्यली.

"चाक वरून आत कललं," म्या म्हटलं. "एक्सल वाकला. पोरं बसवू नको याच्यात."

"बाबा, तुमाले जायाचंच नाई. टोपी घालून घ्यायची नाई. म्हणून टायरात खोट काढून राह्यले."

खरं होतं. मले जायचं नव्हतं. कोणी डोक्यावर टोपी ठेवली म्हणून बुडी संपते काय? पण मले जायचं नव्हतं म्हणून टायर झिजला नव्हता. मीच मनात इचारलं, बुड्या, तू तं नाई खोटं पाहून राह्यला? पुन्हा हात घातला. तारा तिथंच होत्या.

सून गाद्या टाकत होती. नात आत बसून गाणं म्हणून राह्यली होती, बरोबर डाव्या चाकाच्या वर.

"काय होते मामाजी," सून म्हणे. "हळूहळू नेऊ. रस्ता तं चांगला झाला आता."

"चांगला झाला हेच वाईट. हा पळवते."

"मी कवा पळवलं?" पोरगा चिडला.

"जऊळक्याच्या वळणावर कुत्रं कसं मेलं मंग?"

"ते म्हातारं होतं!"

"मी बी म्हाताराच आहो."

सून हासली. पोरगा नाई हासला. तो ट्रॅक्टर जोडायले निघाला तवा म्या म्हटलं, "तुया मायची चप्पल आठवते काय?"

तो थांबला. तिची डावी चप्पल एकाच कडेनं झिजे. आमी नवी आणली. ती बी तशीच झिजली. मंग दुसरी आणली. पाय वाकडा पडते, हे कोणी पाह्यलं नाई. दवाखान्यात नेलं तवर डोक्यातली गाठ मोठी झाली होती.

पोरगा जॅक घेऊन आला. नातीले खाली उतरवलं अन् खुरपं घेऊन ट्रॉलीखाली शिरला. एक्सलवर चिखल वाळून दगड झाला होता. जिथं स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांची कमान एक्सलवर बसते, तिथं खालच्या अंगानं तो खरडत गेला. खरडायचा आवाज थांबला.

"काय आहे?"

त्यानं खुरपं खाली टाकलं.

"काय आहे रे?"

"बाबा, नख आत जाऊन राह्यलं."

मी बी वाकून पाह्यलं. तडा गेला होता. अर्ध्या घेरापर्यंत लाल गंजाची रेघ. गंज होता म्हणजे तडा आजचा नव्हता. मांगच्या जत्रेले गेलेलं अख्खं घर, मळ्यात आलेल्या निंदणाच्या बाया, सारे त्या रेघेवर बसून गेले होते. हासत गेले होते.

सून गाद्या उतरवू लागली. तिले कोणी सांगितलं नाई.

चाकं काढून ट्रॉली दगडांवर ठेवली. मले वाटलं, चला, जाणं तं टळलं. पोरगा हात पुसत म्हणे, "सकाळच्या एसटीनं जाऊ. तुमी बी."

सकाळी गेलो. स्टँडवर गाडी लागली, पोरं घुसली, मी मांगच्या चाकापाशी वाकलो.

"ओ बाबा," कंडक्टर ओरडला, "हवा पाहून राह्यले काय? चढा लवकर!"

लोक हासले. नात खिडकीपाशी जाऊन बसली होती, त्याच चाकाच्या वर. भाईरून टायर चांगला होता. आतल्या कडेपर्यंत माया हात काही पोचला नाई.