पांढऱ्या रेशमावरची लोंबी

भोरच्या बाजारपेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, क्वचित पडदे. रंगांकडे मी धंद्याच्या नजरेनंच बघत आले. हिरवं कापड लग्नसराईत संपतं, पांढरं जूनमध्ये शाळांमुळे, आणि जांभळ्याला जुळणारं अस्तर भोरात कधीच मिळत नाही. रंगांचं वर्षभराचं वेळापत्रक असू शकतं हे मला गल्लीतल्या नर्सबाईंकडून कळलं.

नर्सबाई मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या. नवरा गेला तरी इथंच राहिल्या आणि दवाखान्यातल्या पगारावर मुलाला वाढवलं. तो मुलगा आता फादर होणार होता. भातकापणी सुरू असताना त्या दुकानात आल्या आणि त्यांनी काउंटरवर एक साडी ठेवली. पांढरं बनारसी रेशीम, चंदेरी जर. त्यांच्या लग्नाची. शेजारी ब्लाऊजला हुक लावत बसलेल्या माझ्या सासूबाईंनी, लग्नात पांढरं का, हे दोनदा विचारून घेतलं आणि दोन्ही वेळा मान हलवली.

नाताळनंतरच्या रविवारी मुलगा भोरमध्ये आपला पहिला मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, करणार होता. त्या वेळी फादर सगळ्यांत वरून जो सैल झगा घालतात, तो या साडीचा व्हावा असं नर्सबाईंच्या मनात होतं. मुलाचं म्हणणं, पुण्यात तयार मिळतो, कशाला खटाटोप.

"त्याचे वडील बघायला नाहीत," नर्सबाई म्हणाल्या. "साडी त्यांनी पसंत केलेली. ती तरी तिथं असू दे."

साडी उलगडली तर घडीघडीवर विरलेली. धड कापड जेमतेम झग्यापुरतं निघत होतं. चुकायला जागा नाही, हे मी तोंडावर सांगितलं. म्हणून तर तुमच्याकडे आले, असं त्या म्हणाल्या.

नमुना म्हणून त्यांनी पुण्याच्या फादरांचा एक जुना झगा आणून दिला. तो जांभळा होता, कारण त्या दिवसांत तोच रिकामा होता. नाताळच्या आधीचे चार रविवार आणि ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, एवढ्यापुरताच जांभळा लागतो. मनाची झाडलोट करायचे दिवस, म्हणून तो रंग. पांढरा नाताळ आणि ईस्टरच्या आनंदाचा. लाल हुतात्म्यांचा, रक्ताचा. बाकी सगळे साधे दिवस हिरव्याचे. जांभळा मात्र डिसेंबर लागायच्या आत परत हवा होता, तेव्हा मी त्याच संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कागदावर आकार उतरवून घेतला. झगा म्हणजे धनगराची घोंगडी समजा, फक्त मधोमध डोक्याला जागा.

साडी रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवली. मधली कामं हातावेगळी झाल्यावर जांभळ्याचे रविवार सुरू असताना कापायला घेतली, तेव्हा पदरावर, बरोबर छातीवर येणाऱ्या भागावर, हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट उठलेलं दिसलं.

सासूबाई हुक लावत होत्या. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"म्याच लावलं," त्या म्हणाल्या. "पोरगं देवाच्या कामाला लागतंय. कात्री लावायच्या आधी कुंकू नगं व्हय?"

आमच्याकडे नव्या कापडाला कोपऱ्यात कुंकू लागल्याशिवाय ते अंगावर चढत नाही. माझ्या लग्नातल्या प्रत्येक साडीला तसा ठिपका आहे. त्यांच्यावर चिडता येईना आणि कापड तर दुसरं नाही. हळदीला साबण लावला तर ती लाल होते, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून साबणाला हात न लावता डाग ओला केला आणि पदर गच्चीवर उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत हळद उडाली. कुंकू गेलं नाही, फिकं गुलाबी होऊन बसलं.

लपवण्यात अर्थ नव्हता. मी नर्सबाईंना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ बोटानं डाग चाचपत राहिल्या. सासूबाईंनी सुई खाली ठेवली होती.

"वर्षातनं दोन रविवार गुलाबी झगाही असतो," शेवटी नर्सबाई म्हणाल्या. "जांभळ्याच्या मधेच येतो. आनंद जवळ आला, दम धरा, असं सांगणारा." आणि मग, "पण पांढऱ्यावर एवढासा गुलाबी नाही चालायचा, आजी."

वरून भरतकाम करायचं असं मी सुचवलं. तयार झग्यांवर गव्हाच्या ओंब्या आणि द्राक्षं असतात, मिस्सातल्या भाकर आणि द्राक्षरसाची खूण म्हणून, असं त्या म्हणाल्या. मग सासूबाई उठल्या आणि दाराला टांगलेल्या तोरणातली भाताची एक लोंबी तोडून काउंटरवर ठेवली. त्यांचं माहेर हिर्डोशीकडचं. भात निघाला की पहिल्या लोंब्यांचं तोरण त्यांना दाराला लागतंच, दुकानाच्याही.

"गहू हितं कुठं पिकतो एवढा? भात चालंल का, इचारा पोराला."

नर्सबाईंनी तिथूनच मोबाईल लावला. मुलगा आधी हसला म्हणे. मग त्यानं सांगितलं, की वेदीवरची भाकर गव्हाचीच लागते, पण नक्षीला तसा नियम नाही, आणि मी भोरच्या भातावरच वाढलोय.

लोंबी सोनेरी रेशमानं भरली. दाणे भरीव टाक्यानं, देठ साखळी टाक्यानं. सरळ उभी काढली तर डाग बाहेर राहत होता, म्हणून शेंडा डागावर वाकवला. डाग एका दाण्याखाली गेला. विरलेल्या कडांना आतून मलमल लावली.

मिस्सा एका हॉलमध्ये होता. खुर्च्या लग्नाच्या मंडपातल्या. मी आणि सासूबाई मागे बसलो. मला प्रार्थना कळत नव्हती, म्हणून मी शिवण बघत होते. मुलानं दोन्ही हात वर केले तेव्हा खांद्यावर कापड ताणलं, पण रेशीम टिकलं. जरीवर उजेड पडला होता. नर्सबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांचं लक्ष मुलाच्या तोंडाकडे नव्हतं, झग्याकडे होतं.

सासूबाईंनी कोपरानं ढोसलं. "वाकलीया बघ लोंबी. भरल्याशिवाय वाकत न्हाई."

डागासाठी वाकवली, हे त्यांना माहीत होतं.

आठवड्याभरानं मायलेक दुकानात आले. आता सणाचे दिवस संपून साधे दिवस लागणार होते. ते वर्षात सगळ्यांत जास्त असतात, आणि नव्या फादरांकडे स्वतःचा हिरवा झगा नव्हता. त्यांनी हिरवं कापड आणलं होतं, सुती, रोज धुता येईल असं. मी हात फिरवून बघितलं. चांगलं होतं आणि या वेळी भरपूर होतं.

मी टेप काढली. नर्सबाईंनी कापडाची एक कड उलटी केली आणि सासूबाईंपुढे धरली.

"लावा आजी," त्या म्हणाल्या. "पण आतल्या बाजूनं."